न्हाणीघरातील बंब आणि गिझर : दोषनिदानाचे शास्त्र

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे उन्हासाठी प्रसिद्ध असले, तरी वर्षातील दोन-तीन महिने तेथील पहाट बोचऱ्या थंडीची असते आणि डिसेंबर-जानेवारीत जंगलालगतच्या गावांत पारा १० अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याखालीही, उतरतो. थंड देशांतील घरगुती बॉयलर तापलेले पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरवून सारे घर उबदार ठेवतो. या जंगलपट्ट्यात खोल्या तापवण्याची गरज पडत नाही, त्यामुळे घरगुती बॉयलरकडे अंघोळीचे पाणी तापवणे हे एकच काम उरते. खेड्यांत हे काम चुलीवरचा गंज, म्हणजे पाणी तापवण्याचे भांडे, किंवा अंगणातील बंब करतो, तर चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, देसाईगंज यांसारख्या शहरांत ते बहुतांशी विजेच्या गिझरकडे गेले आहे. साधने निराळी दिसली तरी त्यांच्या बिघाडांमागील कारणे बरीचशी सारखी असतात, आणि ती ओळखण्यासाठी कारागिराची वाट पाहावी लागतेच असे नाही.

या भागात हे ज्ञान घरगुती सोयीपुरते मर्यादित राहत नाही. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात, म्हणजे गाभा क्षेत्राभोवतीच्या वस्ती असलेल्या वनपट्ट्यात, तसेच ब्रह्मपुरी वनविभागाच्या गावांत सरपण, मोहफुले किंवा तेंदूपाने आणण्यासाठी जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात सापडल्याच्या घटना वारंवार घडतात, आणि सरपणाची मोळी आणण्याचे काम बहुतेक घरांत बायकांकडे असते. राज्य शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधील गावांना सवलतीत गॅसजोडण्या मिळाल्या, २०१६ पासून उज्ज्वला योजनेनेही सिलिंडर घरोघरी पोहोचवले, आणि स्वयंपाकाचा काही भाग गॅसवर गेला. परंतु पाच-सहा माणसांच्या अंघोळीचे पाणी सिलिंडरवर तापवणे मजुरीवर चालणाऱ्या घराला परवडत नाही, म्हणून ते लाकडावरच राहिले. हे ओळखून वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने ‘हीटर ऑफ होप’ या नावाने चंद्रपूर जिल्ह्यातील जंगलालगतच्या गावांत कमी सरपणावर चालणारे बंब पुरवण्याचा उपक्रम हाती घेतला. असा बंब धुमसू लागला किंवा गळू लागला की तो कोपऱ्यात जातो, घर पुन्हा तीन दगडांच्या चुलीकडे वळते आणि जंगलातील फेऱ्या वाढतात. म्हणूनच बंबाची देखभाल हा येथे जिवाच्या सुरक्षिततेशी जोडलेला विषय आहे.

किती सरपण वाचू शकते याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. त्यामुळे वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत नेण्यास ५४० किलोकॅलरी पुरतात. हवेत चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडातून साधारण ३,५०० किलोकॅलरी उष्णता निघते, म्हणजे ती सगळी पाण्यात उतरली असती तर एका बादलीला जेमतेम दीडशे ग्रॅम लाकूड पुरले असते. प्रत्यक्षात उघड्या चुलीवर दहा ते पंधरा टक्केच उष्णता भांड्यात शिरते आणि बाकीची भोवतालच्या हवेत जाते, म्हणून त्याच बादलीला एक ते दीड किलो लाकूड जळते. बंब ही गळती कमी करतो, कारण त्यात आग पाण्याच्या पोटातच असते.

बंबाची रचना पाहिल्यावर हे स्पष्ट होते. बाहेर एक उभे नळकांड्यासारखे भांडे, त्याच्या मध्यातून वरपर्यंत गेलेली धुराड्याची नळी, नळीच्या तळाशी लोखंडी जाळी आणि जाळीखाली राख पडण्यासाठी व हवा आत येण्यासाठी मोकळी जागा, एवढेच त्याचे अवयव. जाळीवर पेटवलेल्या काड्यांचा गरम वायू मधल्या नळीतून वर चढतो आणि चढताना नळीभोवतीच्या पाण्याला उष्णता देत जातो. जुने बंब तांब्याचे असत आणि ते तांबट घडवीत. आता बरेच बंब जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचे किंवा स्टीलचे असतात. पाणी काढण्याच्या दोन रीती आहेत. काही बंबांना खाली तोटी असते. काहींत मात्र नरसाळ्यातून ओतलेले थंड पाणी थेट तळाशी जाते आणि तेवढेच गरम पाणी वरच्या तोंडातून बाहेर पडते, कारण गरम पाणी हलके असल्यामुळे ते वरच्या बाजूला साचलेले असते. दुसरी रीत अधिक सुरक्षित आहे, कारण त्यात थंड पाणी ओतल्याशिवाय गरम पाणी मिळतच नाही आणि भांडे कधी रिकामे होत नाही.

पाणी तापवणाऱ्या कोणत्याही साधनात तीन गोष्टी सुरळीत वाहाव्या लागतात : जळण्यासाठी हवा (विजेच्या साधनात तिच्या जागी विद्युतप्रवाह), धातूतून पाण्याकडे जाणारी उष्णता आणि खुद्द पाणी. चौथी गोष्ट म्हणजे नियंत्रण, म्हणजे ही उष्णता केव्हा सुरू व्हावी आणि केव्हा थांबावी हे ठरवणारी व्यवस्था. बिघाड शोधताना ‘लाकूड चांगले नाही’ किंवा ‘गिझरच जुना झाला’ असा निष्कर्ष आधी काढला जातो आणि तो बहुधा चुकतो. या चारांपैकी अडले काय, हे आधी पाहिले की कारण थोड्या वेळात हाती लागते.

बंबाच्या तक्रारींत धुराची तक्रार सर्वांत मोठी. धूर वरच्या तोंडातून निघण्याऐवजी खालच्या दारातून डोळ्यांत येत असेल, तर ओढ कमी झाली आहे असे समजावे. ओढ म्हणजे धुराड्यातील गरम, हलका वायू वर चढत असताना खालून ताजी हवा आत खेचली जाण्याची क्रिया. नळी जितकी उंच आणि आतील वायू जितका गरम, तितकी ओढ जोराची. पेटवण्यापूर्वी जाळीखाली जळता कागद धरून पाहावा : ज्योत वर झुकली तर मार्ग मोकळा आहे, ती बाहेरच्या बाजूला वळली किंवा मलूल झाली तर कुठे तरी अडथळा आहे. अडथळ्याची पहिली जागा म्हणजे राखेने भरलेला खालचा कप्पा. रोज राख न काढल्यामुळे बंद पडलेले बंब तो रिकामा करण्याच्या एकाच कृतीने पुन्हा चालू होतात. दुसरी जागा जाळी, जिच्या फटी निखाऱ्यांनी बुजतात किंवा जी उष्णतेने वाकून खाली बसते. तिसरी जागा म्हणजे नळीच, कारण एकाच वेळी तोंडापर्यंत काड्या कोंबल्या की हवेला जाण्यास वाटच राहत नाही. बंबात थोडे सरपण अनेकदा घालणे हे पुष्कळ सरपण एकदम घालण्यापेक्षा नेहमीच चांगले, मग त्यासाठी कोणाला दहा मिनिटे जवळ बसावे लागले तरी चालेल.

धुराच्या रंगावरूनही बरेच कळते. दाट पांढरा धूर बहुधा ओल्या लाकडाचा असतो, कारण त्यात वाफ आणि न जळलेली द्रव्ये मिसळलेली असतात. काळा धूर हवा अपुरी पडत असल्याचे सांगतो. ओल्या लाकडाचा तोटा लोकांना वाटतो त्याहून फार मोठा आहे. लाकडात दडलेले एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणून त्याची वाफ करण्यास सुमारे ६२० किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे वर काढलेल्या हिशेबातील अख्ख्या बादलीला लागणाऱ्या उष्णतेपेक्षाही अधिक उष्णता सरपणातील एक लिटर ओलावा उडवण्यात संपते. नुकतीच तोडलेली फांदी आणि उन्हाळाभर आडोशाला रचून ठेवलेली फांदी यांतील फरक एवढा आहे. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतरच्या पहिल्या थंडीत बंब ‘बिघडल्याच्या’ तक्रारी वाढतात त्याचे कारण बंबात नसून सरपणाच्या ढिगावर छप्पर नसण्यात असते. बंबाची नळी अरुंद असल्यामुळे जाड ओंडक्यांची गरजही नसते. तुराट्या, पऱ्हाट्या, धसकटे, गोवऱ्या, वाळलेली रायमुनिया, म्हणजे जंगलात आक्रमकपणे पसरणारी घाणेरी, यांवर तो उत्तम चालतो. शेतातून आणि गावाच्या कडेने मिळणाऱ्या या काडीकचऱ्यामुळे ऐन-धावड्याच्या लाकडासाठी आत जंगलात जावे लागत नाही, हा बंबाचा खरा लाभ होय.

धूर नीट जातो, आगही चांगली आहे, तरी पाणी पूर्वीपेक्षा उशिरा तापते, अशी तक्रार असेल तर उष्णतेच्या मार्गात आड आलेला थर शोधावा. थर दोन प्रकारचे असतात : नळीच्या आतून, आगीच्या बाजूला बसणारी काजळी आणि नळीच्या बाहेरून, पाण्याच्या बाजूला बसणारा क्षार. तांबे किंवा लोखंड उष्णतेला सहज जाऊ देते; क्षार तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी मंद वाहक आहे आणि मऊ, सच्छिद्र काजळी तर त्याहूनही मंद. त्यामुळे काजळीचा एक मिलिमीटर थर क्षाराच्या तेवढ्याच थरापेक्षा अधिक सरपण वाया घालवतो, आणि तरीही घरोघरी खरवडला जातो तो डोळ्यांना दिसणारा पांढरा क्षार. ओल्या लाकडाने धुमसत चाललेल्या बंबात काजळीबरोबर डांबरासारखा चिकट थरही जमतो. बंब थंड असताना हा सगळा थर लांब दांड्याच्या तारेच्या कुंच्याने किंवा काठीला घट्ट बांधलेल्या काथ्याने आठवड्यातून एकदा वरून खालपर्यंत काढावा. एवढ्यानेही पाणी लवकर तापू लागल्याचे जाणवले, तर दोष काजळीचा होता हे सिद्ध होते आणि क्षाराला हात लावण्याची घाई राहत नाही.

क्षाराचा प्रश्न गावागणिक बदलतो, कारण तो भूगर्भाशी बांधलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला राजुरा, कोरपना आणि जिवती या तालुक्यांत चुनखडक आहे. गडचांदूर, आवारपूर येथील सिमेंट कारखाने त्याच्याच आधारावर उभे राहिले. चुनखडकातून झिरपलेले पाणी कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळवून घेते आणि जड होते, म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या भाषेत दुष्फेन होते. असे पाणी तापले की त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे उरणारे कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नसल्यामुळे पांढऱ्या कवचासारखे धातूवर बसते. पाण्याचे तापमान ६० अंशांच्या पुढे गेले की ही क्रिया झपाट्याने वाढते. याउलट पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात माजी मालगुजारी तलाव व बोड्या, म्हणजे लहान तळी, यांमध्ये साठलेले पावसाचे पाणी बरेच मऊ असते, मात्र त्याच गावातील बोअरचे पाणी जड असू शकते. परीक्षा सोपी आहे : ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही ते पाणी बंबात क्षार सोडणार. तांब्याच्या भांड्यातील क्षार चिंचेच्या कोळाने किंवा लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, सौम्य द्रावणाने रात्रभरात सुटतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर मात्र आम्ल वापरू नये, कारण ते क्षाराबरोबर जस्ताचाही थर खाते आणि उघडे पडलेले लोखंड वर्षभरात गंजते. तेथे लाकडी पट्टीने हलके खरवडणे पुरे. फरशी धुण्याचे तीव्र आम्ल कोणत्याही बंबात किंवा गिझरमध्ये ओतणे ही घोडचूक होय.

गळतीचे निदान करताना एका फसव्या लक्षणाकडे लक्ष दिले पाहिजे. थंड पाण्याने भरलेला बंब पेटवल्यावर पहिली काही मिनिटे राखेत पाण्याचे थेंब पडतात आणि घरची माणसे बंब फुटल्याचे ठरवून तो दुरुस्तीला पाठवतात. वस्तुतः लाकूड जळताना निर्माण होणारी वाफ नळीच्या थंड भिंतीवर साकळून हे थेंब पडतात आणि पाणी कोमट झाले की ते आपोआप थांबतात. खरी गळती ओळखण्यासाठी राखेचा कप्पा पुसून बंब रात्रभर भरून ठेवावा आणि पेटवू नये. सकाळी कप्पा कोरडा असेल तर भांडे शाबूत आहे. ओल असेल तर ती कोठून येते हे पाहावे. तोटीच्या सांध्यातून येत असेल तर आतील चकती, म्हणजे वायसर, बदलून काम भागते. पितळी तोटी लोखंडी पत्र्यावर थेट बसवली असेल तर दोन निराळ्या धातूंच्या सान्निध्यामुळे पाण्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होऊन तोटीभोवतीचे जस्त व लोखंड झिजते, म्हणून तेथे रबरी चकती घालणे आवश्यक ठरते. मधल्या नळीचा सांधा सुटला असेल तर त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते : पाणी संपलेले असताना आग चालू राहिली. झाळकामातील कथील व शिसे यांचा मिश्रधातू सुमारे दोनशे अंशांवर वितळतो. भांड्यात पाणी असेपर्यंत नळी त्या तापमानाला पोहोचत नाही, पण पाणी उतरले की काही मिनिटांत पोहोचते. तोटीच्या बंबात म्हणूनच तोटी तळापासून थोडी वर असते आणि तिच्यातून पाणी येणे थांबले की आग काढलीच पाहिजे.

बंबाचे वरचे तोंड आणि पाणी बाहेर पडण्याचा मार्ग कधीही घट्ट बंद करू नये, हा नियम तर जिवाशी संबंधित आहे. उकळत्या पाण्याची वाफ मूळ पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा मागते, आणि ती मिळाली नाही तर भांडे फाटते. धानाच्या गिरण्यांतील वाफेचे बॉयलर याच कारणासाठी कायद्याच्या देखरेखीखाली असतात. १९२३ च्या बॉयलर कायद्याची जागा घेणारा २०२५ चा कायदा दाबाखाली वाफ तयार करणाऱ्या पात्रांना लागू होतो, मात्र पंचवीस लिटरांहून लहान किंवा पाणी शंभर अंशांच्या खालीच तापवणारी पात्रे त्यातून वगळलेली आहेत. घरचा बंब कायद्याबाहेर राहतो तो त्याचे तोंड उघडे असते म्हणून. ते बुजवले की तो नकळत धोकादायक वर्गात जातो आणि त्याची तपासणी करणारा कोणी निरीक्षक येत नाही. चंद्रपूरच्या ऊर्जानगरातील २,९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा संच ‘बॉयलर ट्यूब लिकेज’मुळे बंद पडल्याच्या बातम्या चंद्रपूरकरांच्या परिचयाच्या आहेत. तेथे बॉयलरमध्ये सोडण्याचे पाणी आधी क्षारमुक्त केले जाते, तरीही नळ्यांची झीज हा कायमचा प्रश्न असतो. विहिरीचे पाणी जसेच्या तसे घेणाऱ्या घरगुती साधनाला त्यामुळे थोडी अधिक निगा लागणे स्वाभाविक आहे.

बंबाचे नियंत्रण माणसाच्या हाती असते : राखेच्या कप्प्याचे दार कमी-अधिक उघडणे आणि काडी घालणे किंवा न घालणे. गिझरमध्ये हे काम थर्मोस्टॅट करतो. थर्मोस्टॅट म्हणजे तापमान जाणून विद्युतप्रवाह जोडणारा व तोडणारा स्विच. त्याची दांडी किंवा फुगा टाकीतील पाण्याजवळ बसवलेला असतो, उष्णतेने त्याचे प्रसरण झाले की संपर्क सुटतो आणि पाणी निवले की पुन्हा जुळतो. त्याच्या जोडीला कट-आउट हा दुसरा स्विच असतो, जो थर्मोस्टॅट निकामी होऊन तापमान धोक्याच्या पातळीवर गेल्यास वीज पूर्णपणे तोडतो आणि बहुतेक गिझरांत बटण दाबल्याखेरीज पुन्हा जोडत नाही. कट-आउट पडला की तो दाबून मोकळे होण्याची सवय घातक आहे. तो एकदा पडला तर योगायोग मानता येईल; दुसऱ्यांदा पडला तर थर्मोस्टॅट अडकला आहे, त्याच्या खोबणीभोवती क्षार जमून त्याला तापमान उशिरा कळते आहे किंवा टाकीत पाणी भरण्यापूर्वीच गिझर चालू केला जातो आहे, यांपैकी काही तरी निश्चित आहे.

गिझर अजिबात तापत नसेल तर बाहेरून आत जावे. आधी एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह गेल्यास आपोआप पडणारा स्विच, पाहावा. मग सोळा अँपिअरच्या प्लगच्या पिना काळवंडल्या आहेत का ते पाहावे, कारण सैल सॉकेटमधील ठिणग्यांनी पिना जळणे हे गिझर बंद पडण्याचे फार नेहमीचे कारण आहे. एमसीबी चढवताच लगेच पडत असेल तर कॉइल, म्हणजे पाणी तापवणारी विजेची नळी, फुटून तिच्यात पाणी शिरल्याची शक्यता मोठी, आणि अशा वेळी गिझर पुन्हा चालू करून पाहणे थांबवावे. दिवा लागतो, पण पाणी थंडच, अशी स्थिती असेल तर कॉइल तुटलेली असते किंवा थर्मोस्टॅटचा संपर्क सुटलेला असतो. हे दोन्ही भाग तपासण्यासाठी झाकण उघडावे लागते, म्हणून ते काम वीज पूर्ण बंद करून जाणकारानेच करावे. तापताना खडखड किंवा उकळल्यासारखा आवाज येत असेल तर कॉइलवर क्षाराचे कवच बसले आहे, आणि त्याखालचे पाणी जागच्या जागी उकळून फुटते आहे. विजेच्या गिझरात या कवचामुळे वीज फारशी वाया जात नाही, कारण कॉइलची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाते. पण कॉइल प्रमाणाबाहेर तापून जळते. जड पाण्याच्या गावात दर वर्षी क्षार काढणे आणि टाकीतील मॅग्नेशियमची दांडी बदलणे हे नव्या कॉइलच्या आणि नव्या टाकीच्या खर्चापेक्षा स्वस्त पडते. ही दांडी मुद्दाम झिजण्यासाठीच असते : पाण्यातील रासायनिक हल्ला ती स्वतःवर घेते आणि टाकीचे लोखंड वाचते. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवला की क्षारही कमी बसतो आणि भाजण्याचा धोकाही घटतो; ६० अंशांचे पाणी प्रौढ माणसाची कातडी पाच-सहा सेकंदांत भाजू शकते, लहान मुलाची त्याहून लवकर.

खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत गिझर ‘मंद’ झाल्याची तक्रार बऱ्याचदा गिझरची नसतेच. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत सुमारे एकवीस मिनिटांत नेतो. हिवाळ्यात पहाटे कृषिपंप आणि घरोघरचे हीटर एकाच वेळी सुरू झाले आणि विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर कॉइलची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे ती सुमारे १,२२५ वॅटच राहते आणि त्याच कामाला चौतीस मिनिटे लागतात. या कारणाने नवी कॉइल बसवून घेणाऱ्यांचे पैसे फुकट जातात. घरातील दिवे त्याच वेळी मंद दिसतात का, पंखा सावकाश फिरतो का, एवढे पाहिले तरी निदान होते, आणि पाणी अर्धा तास आधी तापवून ठेवणे हा उपाय पुरतो.

सुरक्षा झडपेतून ठिबकणारे पाणी पाहून ती बुजवणारेही पुष्कळ असतात. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याचे आकारमान दीड टक्क्याने वाढते, म्हणजे पंधरा लिटरच्या टाकीत सुमारे पाव लिटर पाणी जास्तीचे होते. ते परत नळात जाऊ शकत नसेल तर ते बाहेर सोडणे हेच झडपेचे काम आहे. तापत असतानाच ठिबकत असेल तर झडप निरोगी समजावी. गिझर बंद असतानाही दिवसरात्र ठिबकत असेल तर झडपेत कचरा अडकला आहे किंवा ती बदलण्याची वेळ आली आहे. पाण्याला किंवा नळाला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर दोष गिझरइतकाच घराच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणाऱ्या तारेत असतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत गिझरचा प्लग काढून ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. बादलीत टाकायच्या हीटरच्या रॉडला तर थर्मोस्टॅटही नसतो आणि कट-आउटही नसतो. प्लग काढल्याशिवाय त्या पाण्यात बोट घालू नये.

गॅस गिझर पेटत नसेल तर त्यातील सेल संपले असतात किंवा छतावरच्या टाकीची उंची कमी असल्यामुळे पाण्याचा दाब गॅसची वाट उघडणारा पडदा उचलण्यास अपुरा असतो. ही दोन कारणे तपासण्याआधी सिलिंडर बदलू नये. त्याचा खरा धोका निराळाच आहे. हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅस अपुऱ्या प्राणवायूवर जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो, ज्याला रंग नसतो आणि वासही नसतो. हाच वायू बंद खोलीत पेटवलेल्या बंबातूनही निघतो, म्हणून थंडी कितीही असली तरी बंब अंगणात किंवा मोकळ्या पडवीतच असावा आणि गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. सूर्यबंबाच्या, म्हणजे छपरावरच्या सौर जलतापकाच्या, बाबतीत बिघाड थोडे असतात : नळ्यांवर बसलेली धूळ, गरम पाण्याच्या नळीत अडकलेली हवा आणि जड पाण्याने चोंदलेले मार्ग. त्याचे तोंड दक्षिणेकडे असावे, आणि उन्हाळ्यात तापलेले पाणी वापरलेच जात नसेल तर त्यावर झाकण घालून ठेवावे.

दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी, तांब्याचा बंब चिंचेने घासून चकचकीत करण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे आणि थंडीला तोंड देण्यापूर्वी तपासणी करण्यासाठी याहून योग्य मुहूर्त नाही. मात्र बाहेरून बंब घासताना आतली काजळी, जाळी, तोटीची चकती आणि रात्रभराची गळतीची परीक्षा यांचाही त्यात समावेश व्हावा. गावोगावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या, परिस्थितिकीय विकास समित्या आणि बंब पुरवणाऱ्या संस्था यांनी वाटपाच्या खर्चातच प्रत्येक गावासाठी जादा जाळ्या, तोट्या, चकत्या आणि तारेचे कुंचे यांची तरतूद करावी, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेल्या गावातील एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला झाळकामाचे व गिझर तपासण्याचे काम शिकवून त्याचा मोबदला ठरवून द्यावा.